हॅश कोणता, याआधी हॅश कशाचा

प्रश्न असा आला आहे. एका ग्रंथसंग्रहालयाकडे जुन्या मराठी नियतकालिकांचे स्कॅन आहेत: सुमारे २ कोटी पाने, ४० टीबी. ते अशा साठ्यात ठेवायचे आहेत जिथे फाइलचा पत्ता तिच्या आतल्या बाइटांच्या हॅशवरूनच, म्हणजे त्या बाइटांवरून गणिताने काढलेल्या ठराविक लांबीच्या आकड्यावरूनच ठरतो. तीन जणांची टीम तीन आठवडे अडून बसली आहे. हॅश काढायच्या पद्धतींपैकी एकाला शा-२५६ हवा, दुसऱ्याला ब्लेक३, तिसरा म्हणतो ६४ बिटांचा एक्सएक्सहॅश पुरे, वेगाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पाने-अंकांच्या माहितीच्या नोंदी कुठल्या रूपात लिहाव्या, जेसनमध्ये, सीबॉरमध्ये की प्रोटोबफमध्ये, हेही ठरायचे आहे.

उत्तर आधी देतो, कारणे मग. शा-२५६ घ्या, पूर्ण ३२ बाइट ठेवा आणि तो वाद आजच मिटवा. वाचलेले दिवस दुसऱ्या प्रश्नाला द्या: हॅश फंक्शनच्या तोंडात नेमके कोणते बाइट जाणार? मी गेली अनेक वर्षे असे साठे बांधतो आणि दुरुस्त करतो. हॅश कमकुवत निघाला म्हणून बिघडलेला साठा माझ्या हाताखालून अजून गेलेला नाही. एकाच नोंदीचे दोन जागी दोन वेगळे बाइट झाले म्हणून बिघडलेले मात्र बरेच पाहिले.

आधी एक्सएक्सहॅश बाजूला काढू, कारण तिथे हिशोबच बोलतो. ६४ बिटांच्या हॅशमध्ये २ कोटी वस्तू ठेवल्या, तर कुठल्या तरी दोन वस्तूंचा पत्ता एकच निघण्याची, म्हणजे टक्कर होण्याची, शक्यता ९२ हजारांत एक इतकी येते. हे चालेल असे वाटते. पण पानामागे थंबनेल, ओसीआरचा (चित्रावरून ओळखलेला) मजकूर, दुरुस्त प्रती, नोंदींच्या जुन्या आवृत्त्या धरत गेलात आणि आकडा २०० कोटींवर गेला, तर तीच शक्यता दहात एक होते. वस्तू शंभरपट वाढल्या की धोका दहा हजारपट वाढतो, कारण टक्कर जोड्यांमध्ये होते आणि जोड्या वर्गाने वाढतात. टक्कर झाली की काय होते तेही पाहा. दुसरे पान लिहायला आले, पत्ता आधीच भरलेला दिसला, प्रोग्राम म्हणाला ‘हे आहे आपल्याकडे’ आणि पान टाकून दिले. कुठेही एरर नाही. १९३२ सालच्या एखाद्या अंकातले पान उघडायला गेलात की भलत्याच अंकातले पान समोर येते, आणि मूळ स्कॅन तोवर संपलेला असतो. २५६ बिटांत २०० कोटी वस्तूंसाठी हीच शक्यता काढली, तर दशांश चिन्हानंतर ५८ शून्ये येतात. एक्सएक्सहॅश वाईट नाही. मेमरीतल्या टेबलासाठी, नेटवर्कवरून आलेल्या तुकड्याची चटकन तपासणी करण्यासाठी मी तो रोज वापरतो. पत्ता म्हणून नको.

मुद्दाम टक्कर घडवणारा माणूस धरला, तर एमडी५ आणि शा-१ हे जुने हॅश दोन्ही बाद होतात. एमडी५ची टक्कर २००४ मध्ये दाखवली गेली आणि आज ती साध्या लॅपटॉपवर सेकंदांत बनते. शा-१चे प्रकरण जास्त शिकवणारे आहे. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. पाठोपाठ वेबकिट या ब्राउझर इंजिनाच्या प्रकल्पात कुणी तरी त्या दोन फाइली चाचणीसाठी म्हणून टाकल्या आणि प्रकल्पाचा सबव्हर्जन (कोडच्या आवृत्त्या ठेवणारे साधन) साठा अडकला. सबव्हर्जन आतल्या आत शा-१ पाहून डुप्लिकेट गाळत होते. दोन फाइली त्याने एकच मानल्या आणि पुढची आकडेमोड जुळेना.

गिट हे तशाच कामाचे दुसरे साधनही शा-१वरच उभे होते, पण त्याच दोन फाइली गिटमध्ये टाकल्या तर पत्ते वेगळे निघतात. का? गिट नुसत्या फाइलचा हॅश घेत नाही. आधी ‘ब्लॉब’ हा शब्द, मग फाइलची लांबी, मग एक शून्य बाइट, आणि त्यानंतर फाइल, या सगळ्याचा मिळून हॅश घेते. ती टक्कर त्या सुरुवातीसाठी बनवलेली नव्हती, म्हणून ती तिथे लागू पडली नाही. हे काही कायमचे संरक्षण नव्हे. ती सुरुवात धरून टक्कर बनवणे शक्य आहे, आणि २०२० च्या जानेवारीत तर हव्या त्या दोन वेगवेगळ्या सुरुवातींपासून शा-१ची टक्कर घडवून दाखवली गेली. पण अल्गोरिदम तोच, फाइली त्याच, आणि एका साठ्यात गोंधळ तर दुसऱ्यात काहीच नाही, हे नीट मनात ठेवा. फरक पडला तो हॅशमध्ये काय घातले होते यामुळे.

आता शा-२५६ की ब्लेक३. ब्लेक३ २०२० मध्ये आला आणि मला तो मनापासून आवडतो. आतून तो १०२४ बाइटांच्या तुकड्यांचे झाड बांधतो, त्यामुळे अनेक कोअर एकाच फाइलवर लावता येतात आणि मोठ्या फाइलचा मधलाच भाग आणला तरी तो भाग खरा आहे हे पडताळता येते. तुमच्याकडे तासातासाचे व्हिडिओ असते आणि लोक ते मधूनच उघडून पाहणार असते, तर मी ब्लेक३ म्हणालो असतो. तुमची फाइल सरासरी २ एमबीची आहे, ती नेहमी सबंधच वाचली जाईल. वेगाचे म्हणाल, तर साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १५० एमबीच्या आसपास वाचन होते, एक गिगाबिटच्या नेटवर्कवर जास्तीत जास्त १२० च्या आसपास. शा-२५६ खास सूचना नसलेल्या जुन्या प्रोसेसरवरही एका कोअरमध्ये याच्यापुढे असतो, आणि २०१७ नंतरच्या एएमडी झेनसारख्या प्रोसेसरांत तर त्यासाठी हार्डवेअरमध्येच सूचना आहेत. म्हणजे हॅश डिस्कची वाट पाहत बसणार. वेग वाढवून काय मिळवायचे?

उलट शा-२५६च्या बाजूने दोन भक्कम गोष्टी आहेत. एक, तो सगळीकडे आहे. कुठल्याही लिनक्सवर एका कमांडने निघतो, बहुतेक भाषांच्या मूळ लायब्ररीत असतो. तीस वर्षांनी तुमच्यातले कुणी नसताना हा साठा उघडणाऱ्या माणसाला तो सापडेल. दुसरी गोष्ट आपल्याकडची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर जे प्रमाणपत्र लागते, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे आणि अल्गोरिदमच्या चौकटींत शा-१, शा-२५६, एमडी५ ही नावे छापलेली आहेत. बाकीच्यांसाठी ‘इतर’. जुन्या अंकातली जाहीर नोटीस जमिनीच्या दाव्यात कामी येते. तेव्हा तुमच्या साठ्यातला पत्ता हाच प्रमाणपत्रातला हॅश असेल, तर कर्मचाऱ्याला वेगळे काही काढावे लागणार नाही. याच कारणासाठी स्कॅनच्या फाइलींना गिटसारखी सुरुवात जोडू नका, असे मी म्हणेन. नुसत्या फाइलचा नुसता शा-२५६. प्रकार ओळखायची सोय नोंदींमध्ये करू, ती पुढे सांगतो.

पत्ता लिहिताना अल्गोरिदमचे नाव पुढे लावा. डॉकर या प्रोग्राम बांधून पाठवण्याच्या साधनात इमेजचा पत्ता ‘शा-२५६’ हे लहान अक्षरांत, मग विसर्गचिन्ह (कोलन), मग हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) असा लिहितात, तेच घ्या. गिटमध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती. हॅश म्हणजे २० बाइट हे कोडमध्ये जागोजागी गृहीत धरलेले होते. ते सोडवून शा-२५६चे साठे प्रायोगिक म्हणून आवृत्ती २.२९ मध्ये, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आले, आणि स्थलांतर अजून चालू आहे. कमिटच्या (एका आवृत्तीच्या नोंदीच्या) आत झाडाचा (फोल्डरच्या यादीचा) पत्ता, झाडाच्या आत फाइलचा पत्ता, असे पत्त्यात पत्ते असले की तळाचा एक बदलला की वरचे सगळे बदलतात. मात्र नाव पुढे लावले म्हणून दोन अल्गोरिदम एकत्र लिहू देऊ नका. तसे केले तर एकच पान दोन पत्त्यांवर जाऊन बसते आणि डुप्लिकेट गाळण्याचा फायदा गेला. वाचताना अनेक चालतील, लिहिताना एकच. हेक्स नेहमी लहान अक्षरांत ठेवा. बेस६४ (लहान आणि मोठी दोन्ही अक्षरे वापरणारी पद्धत) आटोपशीर दिसतो, पण विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम लहानमोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत, तिथे फाइलनाव म्हणून तो दगा देतो.

इथवर सोपे होते. आता बाइटांकडे.

स्कॅनसाठी नियम एकच: स्कॅनरमधून जी फाइल आली तिचाच हॅश, आणि त्या फाइलला पुन्हा हात नाही. जागा वाचवायला कॉम्प्रेस करायचे असेल तर पत्त्याच्या खालच्या थरात करा, म्हणजे हॅश आधी आणि कॉम्प्रेशन मागाहून. गिटच्या पहिल्या काही दिवसांत हे उलटे होते, कॉम्प्रेस केलेल्या बाइटांचा हॅश घेतला जायचा. २००५ च्या एप्रिलमध्येच ते बदलले, आणि त्या वयात बदलणे परवडले म्हणून बरे. कारण त्याच डेटाचे त्याच पद्धतीने केलेले कॉम्प्रेशन दर वेळी त्याच बाइटांत येईल, अशी हमी कॉम्प्रेसर सहसा देत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये गिटहब या गिटचे साठे ठेवणाऱ्या संकेतस्थळावर हेच झाले. गिटने आर्काइव्ह बनवताना बाहेरच्या जीझिप या कॉम्प्रेसरऐवजी स्वतःची अंतर्गत सोय वापरायला सुरुवात केली होती. ती आवृत्ती तिथे चढली, आणि उतरवून घेण्याच्या सोर्स आर्काइव्हचे बाइट बदलले. आतल्या फाइलींत एका अक्षराचाही फरक नव्हता. पण ज्यांनी त्या आर्काइव्हचे हॅश आपापल्या बिल्डमध्ये लिहून ठेवले होते त्यांचे बिल्ड धडाधड पडले, आणि गिटहबला बदल मागे घ्यावा लागला.

स्कॅनच्या टिफ फाइलच्या आत शीर्षक, वर्ष, संपादक असले टॅग भरण्याचा मोह होईल. भरू नका. कुणी शुद्धलेखन सुधारले की २ एमबीच्या चित्राचा पत्ता बदलेल आणि तेच चित्र पुन्हा साठेल. वर्णन बाहेर, नोंदीत. अंकाची सगळी पाने टारमध्ये (अनेक फाइलींची एक फाइल करणारा प्रकार) बांधून त्या टारचा हॅश घेणेही टाळा. टारमध्ये फाइलींच्या वेळा असतात, मालकाचा क्रमांक असतो, आणि फाइलींचा क्रम बांधणाऱ्यावर सोडलेला असतो. निक्स या पॅकेज व्यवस्थेच्या मंडळींनी एवढ्यासाठी नार हा स्वतःचा साधा प्रकार काढला: क्रम ठरलेला, वेळ नाही, मालक नाही. तुमच्या अंकासाठी तेही नको. पानांच्या पत्त्यांची क्रमवार यादी असलेली एक नोंद पुरेल.

ही नोंद हाच सगळ्यात नाजूक भाग आहे. माझा एक अनुभव सांगतो. एका प्रकल्पात ग्रंथसूचीच्या नोंदी आम्ही जेसन करून, त्याचा हॅश घेऊन साठवत होतो. नोंदी भरणारी सेवा पायथनमध्ये, आयात करणारी गो भाषेत. काही महिन्यांनी लक्षात आले की दोन्ही वाटांनी आलेली प्रत्येक नोंद दोनदा साठली आहे. पायथनचे जेसन देवनागरीचे प्रत्येक अक्षर मुळात उलट्या तिरक्या रेघेच्या कोडमध्ये लिहिते, शिवाय स्वल्पविराम आणि विसर्गचिन्हानंतर मोकळी जागा सोडते. गो देवनागरी तशीच लिहिते, जागा सोडत नाही, पण ‘अँड’चे चिन्ह मात्र कोडमध्ये टाकते. वाचणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही एकच. हॅशला दोन्ही परके. इंग्रजी नोंदींवर केलेल्या चाचण्यांत यातले निम्मे दिसलेच नव्हते. सगळे पत्ते पुन्हा काढावे लागले आणि त्या पत्त्यांवर बाहेरून दिलेल्या लिंका तुटल्या. त्या लिंका लोकांनी प्रबंधांच्या तळटीपांत वापरल्या होत्या, याची बोच अजून आहे.

म्हणून नोंदीला एकच मान्य रूप हवे. प्रोटोबफ यातून लगेच बाद: एकाच संदेशाचे बाइट आवृत्तीगणिक, भाषेगणिक वेगळे येऊ शकतात, असे त्याची कागदपत्रेच बजावतात. सीबॉर घेतलात तर २०२० च्या आरएफसी ८९४९ या इंटरनेट मानकातले निश्चित एन्कोडिंग घ्या, आणि एक गोष्ट जपा. २०१३ च्या आरएफसी ७०४९ मध्ये की (माहितीच्या रकान्यांची नावे) लावताना आधी लांबी पाहत, ८९४९ मध्ये सरळ बाइटांच्या क्रमाने लावतात, आणि आयपीएफएस या हॅशच्या पत्त्यांवर चालणाऱ्या साठ्याच्या जगातले डॅग-सीबॉर आजही जुन्याच क्रमावर आहे. लायब्ररीवर ‘कॅनॉनिकल’ लिहिलेले असते, पण कुठल्या अर्थाने ते कोड उघडूनच कळते.

तुमच्यासाठी मी जेसनच घेईन, आरएफसी ८७८५ मधल्या एकच ठराविक रूप देणाऱ्या नियमांनी. ग्रंथपालाला नोंद डोळ्यांनी वाचता आली पाहिजे आणि २ कोटी नोंदींना त्याचे ओझे होत नाही. त्याच्यावर आपले चार निर्बंध घाला. कीची नावे साध्या रोमन लहान अक्षरांत. अपूर्णांक अजिबात नाहीत, आणि पूर्णांक २ च्या ५३व्या घाताच्या आत. तारखा मजकूर म्हणून. माहिती नसेल तर ती कीच लिहायची नाही, ‘नल’ नाही आणि रिकामा मजकूरही नाही. प्रत्येक नोंदीत पहिल्यापासून ‘प्रकार’ आणि ‘आवृत्ती’ या अर्थाच्या दोन की असू द्या, म्हणजे अंकाची नोंद आणि लेखाची नोंद यांचे बाइट चुकूनही सारखे होणार नाहीत.

एवढे करूनही मराठी तुम्हाला अडवेल. आरएफसी ८७८५ मजकुराच्या आतल्या अक्षरांना हात लावत नाही, आणि आपल्या लिपीत दिसायला एक पण बाइटांना वेगळे अशा जागा भरपूर. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून आहे, आणि र अधिक नुक्ता असाही लिहिता येतो. हे दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत, एनएफसी (समान अक्षरे एका रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत) केले की दोन्ही एकच अक्षर होतात. पण तिसरी पद्धत आहे: र, हलन्त, आणि मग न दिसणारा जोडचिन्हाचा बाइटसमूह, झेडडब्ल्यूजे. तोही पडद्यावर तोच रफार दाखवतो, आणि एनएफसी त्याला शिवत नाही. ॲचेही तसेच. तो एक अक्षर म्हणून आहे आणि अ अधिक अर्धचंद्र असाही टाइप होतो, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. दोन माणसे दोन कीबोर्डांवर ‘दुसऱ्या महायुद्धाचा अंक’ असे शीर्षक भरतील आणि साठ्यात दोन नोंदी होतील. पुढे कुणी विचारेल की शोधात अर्धेच अंक का येतात, आणि कारण सापडायला आठवडा जाईल.

यासाठी आपला स्वतःचा नियम लिहून ठेवा: आधी एनएफसी, मग झेडडब्ल्यूजेचा रफार ऱ अधिक हलन्त असा करायचा, अ अधिक अर्धचंद्राचा ॲ करायचा. एकदा ठरलेल्या अक्षरांचे एनएफसी युनिकोड पुढच्या आवृत्त्यांत बदलत नाही, त्यामुळे त्यावर विसंबता येते. काही हिंदी शीर्षके असतील तर चकू नका, ड़ एनएफसीत जुळण्याऐवजी सुटतो. हा नियम माणूस नोंद भरतो तिथे, दारातच लावा. साठ्याच्या आत कधीच नको. साठ्याने मिळालेले बाइट जसेच्या तसे ठेवायचे. तो स्वतः काही सुधारू लागला, की टाकले ते आणि मिळाले ते वेगळे होणार.

आता झटपट उरलेले. फाइलींचे तुकडे करू नका. रेस्टिकसारखी बॅकअपची साधने सरासरी १ एमबीचे, मजकुरावरून सीमा ठरणारे तुकडे करतात आणि तिथे ते योग्य आहे, कारण मोठी फाइल थोडीथोडी बदलत राहते. स्कॅन बदलत नाही. देणगीदारांचे मोबाइल क्रमांक ‘हॅश केले म्हणजे लपले’ असे समजून ठेवू नका, दहा अंकी सगळे क्रमांक एका दुपारीही नव्हे, चहा होईपर्यंत मोजून होतात. डिस्कवर पत्त्याची पहिली दोन आणि पुढची दोन हेक्स अक्षरे घेऊन फोल्डरांचे दोन थर करा, २ कोटी फाइली ६५,५३६ फोल्डरांत साधारण तीनशे-तीनशे बसतात. लिहिताना तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मगच नाव बदला. सगळा साठा वर्षातून एकदा तरी वाचून हॅश पुन्हा ताडून पाहा. १५० एमबीच्या वेगाने ४० टीबीला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. आणि ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा पत्ता साठ्यात दिसला, तर समजा की कुठला तरी स्कॅनर शून्य बाइटांची फाइल पाठवतो आहे. रिकाम्या मजकुराचा शा-२५६ तसा सुरू होतो.

कामाची सुरुवात दहा नमुना नोंदींनी करा. ‘दुसऱ्या’ तिन्ही प्रकारे टाइप केलेली, ॲ दोन्ही प्रकारे, ‘अँड’चे चिन्ह असलेली, एक की नसलेली, एक ड़ असलेली, उरलेल्या दोन साध्या. प्रत्येकीपुढे अपेक्षित बाइट आणि अपेक्षित पत्ता लिहून ठेवा. मग टीममधल्या दोघांनी, एकमेकांचा कोड न पाहता, दोन वेगळ्या भाषांत तो पत्ता काढायचा. दहाच्या दहा जुळले की मग पहिला अंक चढवा.